वीज वितरणाच्या खर्च-कार्यक्षमतेचे नियमन आणि पर्यावरणीय घटक : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

खालापूर तालुक्यातील खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे खाली आणावयाचे, त्यावर जनित्रे चालवावयाची आणि तयार झालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरवावयाची, अशी ती योजना होती. पुढे 1922 साली आंध्रा नदीच्या पाण्यावर चालणारे दुसरे केंद्र शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे उभे राहिले. वीजनिर्मितीच्या इतिहासात या दोन तालुक्यांचे स्थान असे शंभर वर्षांहून जुने आहे. वितरणाच्या इतिहासात मात्र ते फार उशिरा येतात. पारेषण वाहिन्यांचे मनोरे भातखाचरांतून मुंबईकडे निघून जातात आणि त्याच खाचरांच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकर व कातकरी वाड्यांवर पावसाळ्यात गेलेली वीज केव्हा परत येणार, हे बव्हंशी खांबाखांबाने वर चढत जाणाऱ्या वायरमनच्या पायांवर ठरते.

विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 61 मध्ये वीजदर ठरविताना आयोगाने कार्यक्षमता, साधनसंपत्तीचा काटकसरीने वापर आणि चांगली कामगिरी यांना उत्तेजन देणारी तत्त्वे पाळावीत असे म्हटले आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे 6 जून 2005 रोजी विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले, त्यानंतर या तत्त्वाला व्यावहारिक अर्थ प्राप्त झाला. कंपनीला किती खर्च मान्य करावयाचा, किती हानी क्षम्य मानावयाची, हे आयोग ठरवू लागला. ज्या परिस्थितीत कंपनीला काम करावे लागते तिचा या मोजमापात कितपत विचार होतो, आणि तो कसा व्हावयास हवा, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. परिस्थितीचा विचार न करणे हा एक दोष आहे. परंतु कंपनीच्याच जुन्या निर्णयांना 'परिस्थिती' समजून माफी देणे हा तितकाच मोठा दोष ठरतो, आणि कर्जत-खालापूरमध्ये हे दोन्ही एकाच खांबावर भेटतात, असे येथे प्रतिपादन आहे.

संज्ञेविषयी

नियमनाच्या अर्थशास्त्रात 'पर्यावरणीय घटक' ही संज्ञा प्रदूषण वा निसर्गसंरक्षण या अर्थाने येत नाही. ज्या गोष्टींमुळे खर्च वाढतो किंवा घटतो, पण ज्या व्यवस्थापनाच्या हाती नसतात, अशा सर्व गोष्टी तीत मोडतात : पर्जन्यमान, वारा, उतार, जंगल, खारी हवा, वस्तीची विरळता, ग्राहकांचे स्वरूप. मराठीत यासाठी 'परिस्थितीजन्य घटक' हा शब्द अधिक नेमका ठरला असता. तरीही रूढ झालेली संज्ञा या दोन तालुक्यांपुरती निरर्थक नाही, कारण येथे तिचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. केंद्र शासनाने 4 फेब्रुवारी 2003 च्या अधिसूचनेने माथेरान व त्याचा परिसर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यात कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील काही भाग येतो. कर्जतच्या पूर्वेस भीमाशंकर अभयारण्याची हद्द आहे. वाहिनीखालची झाडे तोडून मोकळा पट्टा राखणे ही वितरण अभियंत्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. जेथे ती करता येत नाही तेथे फांद्या छाटणे, वाहिनी वळवून नेणे किंवा आच्छादित तार वापरणे हे महाग मार्ग उरतात. जंगल राखल्याचा लाभ साऱ्या मुंबई परिसराला होतो. त्याची किंमत मात्र हिशेबाच्या वहीत त्या त्या विभागाचा देखभाल-खर्च म्हणून, म्हणजेच अकार्यक्षमता म्हणून, नोंदली जाते.

घाट, पाऊस आणि वाडी

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून दूरचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्यांची खोरी, त्यांत भातशेती, आणि पूर्वेस एकदम उभा राहणारा कडा, अशी येथील भूरचना आहे. वार्षिक पाऊस सर्वसाधारणपणे 3 हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, माथेरानच्या डोंगरावर तो याहूनही बराच अधिक असतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो.

पावसामुळे वीज का जाते, याचे उत्तर सामान्यतः 'तारा तुटतात' असे दिले जाते. वस्तुतः प्रकार अधिक सूक्ष्म आहे. खांबावरची तार चिनीमातीच्या इन्सुलेटरवर बसविलेली असते. उन्हाळाभर तापलेल्या आणि धूळ बसलेल्या या इन्सुलेटरवर वळवाचे पहिले थेंब पडले की काहींना बारीक तडे जातात. तड्यात पाणी शिरते आणि वीज खांबावाटे जमिनीत उतरू लागते. उपकेंद्रातील यंत्रणा हा दोष ओळखून संपूर्ण वाहिनी बंद करते. तडा डोळ्यांना सहज दिसत नाही. मग वाहिनीचे तुकडे पाडून, एकेक तुकडा चालू करून पाहत, दोष कोणत्या खांबावर आहे ते शोधावे लागते. सपाट प्रदेशात रस्त्याकडेने हे काम मोटारसायकलवरून होते. खांडसच्या बाजूस भीमाशंकरच्या पायथ्याशी, किंवा चौकच्या वरच्या डोंगरात, तेच काम पायी, ओढे ओलांडत, अनेकदा रात्री करावे लागते. म्हणजे दोष तोच, दुरुस्तीला लागणारे साहित्य तेच, परंतु मनुष्यतास मात्र कितीतरी पट अधिक. हा घटक निखळपणे परिस्थितीजन्य आहे. कोणत्याही कुशल व्यवस्थापनाला कडा सपाट करता येत नाही.

दुसरा घटक वस्तीचा. खालापूर तालुक्यात खोपोली आणि रसायनी येथे कारखानदारी आहे. मोठा कारखाना वीज उच्चदाबावर घेतो. त्याच्या बाबतीत लघुदाब जाळ्यातील हानी उद्भवतच नाही, आणि एका मीटरवर हजारो घरांइतका वापर नोंदला जातो. त्यामुळे तालुक्याची सरासरी हानी कमी दिसते. ती सरासरी बव्हंशी कारखान्यांची असते, वाडीची नसते. कर्जत-नेरळ पट्ट्यात आणखी एक गुंतागुंत आहे. मुंबई-पुण्याच्या मध्ये असल्यामुळे येथे शेतघरे आणि सुट्टीची घरे वाढली. शनिवार-रविवार सोडता ती बंद असतात. परंतु रोहित्र एकदा जोडले की त्याच्या लोहगाभ्यातील हानी दिवसाचे चोवीस तास चालू राहते. घरात दिवा लागो वा न लागो. विकलेले युनिट थोडे आणि स्थिर हानी कायम, यामुळे टक्केवारी वाईट दिसते. गंमत अशी की, या ग्राहकाची थकबाकी सहसा नसते. वसुलीच्या तक्त्यात तो आदर्श असतो, तर हानीच्या तक्त्यात दोषी.

तिसरा घटक वरवर पाहता दुसऱ्यासारखाच भासतो, पण त्याची जात वेगळी आहे. वाडीपर्यंत वीज न्यावयाची झाली तर दोन मार्ग असतात. एक, उच्चदाब वाहिनी वाडीपर्यंत नेऊन तेथे लहान रोहित्र बसविणे. दुसरा, गावठाणातील रोहित्रावरूनच लघुदाब तार वाडीपर्यंत ओढत नेणे. दुसरा मार्ग आरंभी स्वस्त पडतो, म्हणून ग्रामीण विद्युतीकरणात देशभर तो सर्रास अवलंबिला गेला. त्याची किंमत पुढे चुकवावी लागते. तीच शक्ती, त्याच तारेतून, 22 हजार व्होल्टऐवजी 400 व्होल्टवर नेली तर प्रवाह 55 पट होतो, आणि तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 3 हजार पटीने वाढते. शेवटच्या घरातील दिवा मिणमिणता राहतो, पंखा फिरत नाही, तार वाऱ्याने घासली की उडते. ही हानी आणि हा देखभाल-खर्च 'विरळ वस्तीमुळे' आहे असे सांख्यिकीय विश्लेषण सांगेल, आणि सहसंबंधाच्या दृष्टीने ते खरेही ठरेल. कारण मात्र वस्तीत नाही. ते कित्येक वर्षांपूर्वी एका रोहित्राचे पैसे वाचविण्याच्या निर्णयात आहे.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता, त्यामुळे बचाव पथकांना पायीच वर जावे लागले. त्या दुर्घटनेचा वीज वितरणाशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु परिस्थिती म्हणजे काय, याचा विचार करताना ती बाजूला सारताही येत नाही. उतार आणि पाऊस निसर्गाचे होते. रस्ता नसणे हे निसर्गाचे नव्हते.

मोजमापाच्या पद्धती

कार्यक्षमतेच्या मोजमापाचा पाया फॅरेल याच्या 1957 च्या निबंधात आहे. समान उत्पादन सर्वांत कमी साधनांत करणाऱ्या संस्थांची एक सीमा आखावयाची आणि इतर संस्था त्या सीमेपासून किती दूर आहेत ते मोजावयाचे, ही त्याची कल्पना. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी 1978 मध्ये तिला गणिती कार्यक्रमणाचे रूप दिले. 'डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस' या नावाने ती पद्धत प्रसिद्ध आहे. 1977 मध्ये पुढे आलेली 'स्टोकॅस्टिक फ्रंटियर' पद्धत सीमेपासूनच्या अंतराची दोन भागांत फोड करते : यदृच्छेचा भाग आणि अकार्यक्षमतेचा भाग. श्लायफर याने 1985 मध्ये या तुलनेला नियमनाचे साधन बनविण्याचा मार्ग दाखविला. एखाद्या कंपनीला तिचा स्वतःचा खर्च मान्य न करता तिच्यासारख्या इतर कंपन्यांचा सरासरी खर्च मान्य केला, तर मक्तेदारीतही स्पर्धेचा परिणाम साधता येईल, असे त्याचे म्हणणे होते. 'तिच्यासारख्या' या एका शब्दावर सारा डोलारा उभा आहे.

नॉर्वेने या शब्दाचा सर्वांत गांभीर्याने विचार केला. तेथे शंभराहून अधिक वितरण कंपन्या होत्या; फियॉर्डच्या काठच्या, जंगलातल्या, उत्तरेकडील बर्फातल्या. तेथील नियामकाने 1997 पासून महसुलावर मर्यादा घालताना सीमाविश्लेषण वापरले आणि पुढे जंगल, हिमवृष्टी, उतार, किनाऱ्यावरील वारा अशा भौगोलिक घटकांनुसार गुणांक दुरुस्त करण्याची पद्धत बसविली. आरंभी प्रत्येक घटक वेगळा धरला जाई. घटक एकमेकांशी निगडित असल्यामुळे, म्हणजे जेथे उतार तेथे जंगलही आणि बर्फही, पुढे अनेक घटकांचा मिळून एक संमिश्र निर्देशांक करण्याकडे कल झाला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 2001 पासून न पुरविलेल्या विजेची ग्राहकाला पडणारी किंमत कंपनीच्या खर्चातच धरली जाऊ लागली. त्यामुळे दुरुस्तीवरचा खर्च वाचवून लोकांना अंधारात ठेवणे आणि तरीही कार्यक्षम ठरणे कंपनीला अवघड झाले.

या पद्धतींवर घेतला गेलेला मुख्य आक्षेप येथे पुढील चर्चेसाठी आवश्यक आहे. नेहमीची रीत अशी की, आधी गुणांक काढावयाचे आणि मग ते परिस्थितीजन्य घटकांवर समाश्रयित करून, जितका फरक त्या घटकांनी स्पष्ट होतो तितका कंपनीला माफ करावयाचा. सायमार आणि विल्सन यांनी 2007 मध्ये या रीतीचे सांख्यिकीय दोष दाखवून दिले. परंतु सांख्यिकी निर्दोष केली तरी एक अडचण शिल्लक राहते. कठीण प्रदेशातील वितरण जर नेमके दुर्लक्षितही असेल, तर दुर्लक्षाचा परिणाम प्रदेशाच्या नावावर जमा होतो. आकड्यांना कडा आणि हयगय यांतील फरक कळत नाही. नॉर्वेत ही अडचण सौम्य आहे, कारण तेथे कठीण प्रदेशातील ग्राहक राजकीयदृष्ट्या दुर्बळ नाही. कर्जतच्या वाडीबाबत तसे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : तुलना कोणाशी?

नॉर्वेचे प्रतिमान महाराष्ट्रात जसेच्या तसे आणता येत नाही, याचे पहिले कारण अगदी साधे आहे. येथे तुलनेसाठी कंपन्याच नाहीत. मुंबई शहर आणि उपनगरांचा मोठा भाग, तसेच काही विशेष आर्थिक क्षेत्रांतील लहान परवानाधारक सोडले, तर साऱ्या राज्यात एकच कंपनी आहे. बेस्टच्या भूमिगत केबलींच्या जाळ्याची महावितरणच्या उघड्या वाहिन्यांशी तुलना कोणी गांभीर्याने करू शकणार नाही. राहता राहिली इतर राज्यांतील कंपन्यांशी तुलना. ती केंद्र शासनाच्या मानांकनांत होत असते. परंतु ज्या कंपनीच्या पोटात कोकण आणि मराठवाडा दोन्ही आहेत तिची सरासरी कोणत्या परिस्थितीची सरासरी मानावयाची?

याचे एक बोलके उदाहरण नामसाधर्म्यातूनच मिळते. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. रायगडचा कर्जत अतिवृष्टीचा, भाताचा, जंगलाचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत पर्जन्यछायेतला, विहिरी आणि कृषिपंपांचा. पहिल्यात खर्च वाढतो तो पावसाने आणि उताराने; दुसऱ्यात दूरवर विखुरलेल्या पंपांनी आणि त्यांच्या मीटरअभावी. रायगडच्या कर्जतमध्ये उन्हाळी भाताला भिवपुरी केंद्रातून सुटणारे पाणी राजनाला कालव्याने मिळते. ते गुरुत्वाकर्षणाने वाहते, पंपाने उपसावे लागत नाही. टाटांच्या केंद्राने या तालुक्याला दिलेले हे कदाचित सर्वांत मोठे दान, आणि ते विजेचे नसून पाण्याचे आहे. दोन्ही कर्जत एकाच परवान्याखाली, एकाच वीजदरात आणि एकाच देखभाल-खर्चाच्या निकषात येतात.

आयोगाच्या बहुवार्षिक वीजदर विनियमांची रचना पाहिली की उणीव कोठे आहे ते स्पष्ट होते. या विनियमांत खर्चाच्या कारणांची 'नियंत्रणीय' आणि 'अनियंत्रणीय' अशी विभागणी आहे. नैसर्गिक आपत्ती, कायद्यातील बदल, वीजखरेदीच्या किमतीतील चढउतार ही कारणे अनियंत्रणीय. तांत्रिक व वाणिज्यिक हानी आणि देखभाल-खर्च यांतील फरक नियंत्रणीय. 2015 आणि 2019 च्या विनियमांत देखभाल-खर्चाची पायाभूत रक्कम मागील वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चावरून काढून ती महागाईनुसार वाढवावयाची आणि त्या वाढीतून 1 टक्का कार्यक्षमता घटक वजा करावयाचा, अशी पद्धत होती. यात दोन गोष्टी लक्षात येतात. एक, कंपनीची तुलना कोणाशीच होत नाही. तिच्याच भूतकाळाशी होते. ज्या विभागात पूर्वी कमी खर्च झाला, कारण माणसेच कमी होती, तेथे तो कमी खर्चच पाया बनतो. दोन, कर्जतसारख्या प्रदेशातील पाऊस या विभागणीत कोठेच बसत नाही. 26 जुलै 2005 चा महापूर किंवा 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ यांना आपत्ती म्हणता येईल. दर जूनला पडणारा पाऊस आपत्ती नव्हे, ते हवामान आहे. तो अपेक्षित आहे म्हणून अनियंत्रणीय नाही, आणि थांबविता येत नाही म्हणून नियंत्रणीयही नाही. विनियमांत या मधल्या जागेला नाव नाही.

2005 नंतरचे भारनियमन

महाराष्ट्रात परिस्थितीचा विचार न करता कार्यक्षमतेची तुलना कधी झालीच नाही, असे मात्र नाही. ती झाली, आणि कठोरपणे झाली. 2005 नंतरच्या तीव्र टंचाईच्या वर्षांत महावितरणने आयोगाच्या मान्यतेने भारनियमनाचे तास ठरविताना वितरण हानी आणि वसुली यांचा एकत्रित निकष लावला. राज्यातील विभाग ए, बी, सी, डी अशा गटांत वाटले गेले. पुढे गट वाढले, अधिक हानीच्या भागांसाठी जी-1, जी-2, जी-3 असे गट आले, आणि विभागाऐवजी वाहिनी हे एकक झाले. हानी कमी तर अंधार कमी, हानी जास्त तर अंधार जास्त.

या धोरणामागे तर्क होता. मंडळाच्या काळात हानी कृषिपंपांच्या अंदाजित वापरात झाकली जात असे. आयोगाने 2000 च्या पहिल्या वीजदर आदेशापासून या अंदाजांची छाननी सुरू केली, तेव्हा हानी पूर्वी सांगितली जात होती त्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. प्रामाणिक ग्राहकाने चोरीची शिक्षा का भोगावी, हा प्रश्न रास्त होता, आणि हानीच्या आकड्याला लोकांच्या जीवनात प्रथमच अर्थ मिळाला, हे या धोरणाचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु नियमनाच्या दृष्टीने पाहिले तर ही सीमाविश्लेषणाची प्राथमिक आवृत्तीच होती, आणि तिच्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या गेल्या होत्या. हानी म्हणजे चोरी किंवा थकबाकी. परिस्थितीने होणारी हानी शून्य. आणि अकार्यक्षमतेची शिक्षा कंपनीने नव्हे, ग्राहकाने भोगावयाची. तिसरे गृहीत सर्वांत विचित्र. लांब लघुदाब तारेच्या टोकाला असलेल्या कुटुंबाने आकडा टाकलेला नसतो, बिलही भरलेले असते. तरी 3 हजार पटीचे ते गणित त्याच्या वाहिनीच्या खात्यावर चढते आणि त्याला वरच्या गटात नेऊन बसविते. रोहित्र बसविण्याचा अधिकार ज्याला नाही त्याला रोहित्र नसल्याचा दंड. श्लायफरच्या कल्पनेत दंड कंपनीच्या नफ्याला बसतो, म्हणून कंपनी सुधारते. दंड ग्राहकाला बसला तर कंपनीवर सुधारण्याचा दबाव येत नाही. उलट तोट्याच्या वाहिनीवर कमी वीज दिल्याने तिचा तोटा घटतोच.

दुरुस्ती की सबब

मग परिस्थितीची दुरुस्ती कोणत्या मार्गाने करावी? अधिनियमाच्या कलम 62(3) मध्ये ग्राहकांमध्ये भेद करण्याच्या मान्य आधारांत 'क्षेत्राचे भौगोलिक स्थान' याचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि हे कलम वीजदराविषयीचे आहे. त्याचा सरळ उपयोग केला तर डोंगरातील वाडीने अधिक दर द्यावा असा अर्थ निघेल, आणि तो कोणालाच मान्य होण्याजोगा नाही. राज्यभर समान दर हे तत्त्व योग्यच आहे. चूक आहे ती समान दराबरोबर समान निकषही गृहीत धरण्यात. दर सारखा ठेवून खर्चाचा निकष प्रदेशानुसार वेगळा करता येतो. कंपनीच्या एकूण मान्य खर्चातून प्रत्येक उपविभागाच्या वाट्याला किती यावे हे वाहिनीची लांबी, उतार, वनाच्छादन आणि पर्जन्यमान यांवरून ठरविता येते. ब्रिटनच्या नियामकाने विरळ वस्तीच्या स्कॉटिश प्रदेशासाठी खर्चात सूट मान्य केली, ती याच धर्तीवर. तुलनेसाठी कंपन्या नसल्या तरी महावितरणचे शेकडो उपविभाग आहेत. सीमा त्यांच्यातच आखता येईल. कर्जतची तुलना मग नवी मुंबईशी वा दुसऱ्या कर्जतशी न होता शहापूर, मावळ, आंबेगाव, पोलादपूर अशा डोंगराळ आणि पावसाळी मुलुखाशी होईल.

या सुधारणेत धोका आहे, आणि तो लहान नाही. एकदा 'दुर्गम' हा शिक्का बसला की दुर्गम राहणे सोयीचे होते. म्हणून कोणत्या घटकाला दुरुस्ती द्यावयाची आणि कोणत्याला नाही, याची कसोटी सहसंबंधावर न ठेवता काळावर ठेवावी लागेल. जो घटक पंधरावीस वर्षांच्या गुंतवणुकीनेही बदलत नाही तो परिस्थितीजन्य : पाऊस, उतार, अभयारण्य. जो तेवढ्या काळात बदलू शकतो त्याला दुरुस्ती केवळ मुदतीची, दरवर्षी घटत जाणारी, आणि ज्या गुंतवणुकीने तो बदलणार तिच्याशी बांधलेली असावी : लघुदाब वाहिनीची लांबी, जुने इन्सुलेटर, एकाच बाजूने पुरवठा. वनजमिनीचा अडथळाही नेहमीच अटळ नसतो. वन हक्क अधिनियम 2006 च्या कलम 3(2) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तुटणार नसतील तर, वीजवाहिनीसारख्या सुविधेसाठी देता येते. वनखात्याचे कारण पुढे करणाऱ्या कार्यालयाने हा मार्ग चोखाळला होता का, हे दुरुस्ती देण्यापूर्वी विचारता येईल.

खर्चाची दुरुस्ती सेवेच्या मोजमापापासून तोडली तर मात्र ती निष्फळ ठरेल, कारण सध्याची विश्वसनीयता मोजण्याची रीतच वाडीच्या विरुद्ध आहे. खंडित पुरवठ्याचा सरासरी काळ हा निर्देशांक ग्राहकसंख्येने भागून काढतात. 50 हजार ग्राहकांचा एक उपविभाग कल्पिला आणि त्यातील 40 घरांची वाडी सलग चार दिवस, म्हणजे 96 तास, अंधारात राहिली असे धरले, तर एकूण 3,840 ग्राहक-तास होतात आणि उपविभागाच्या सरासरीत भर पडते ती 5 मिनिटांहूनही कमी. त्याच उपविभागात शहरातील 5 हजार ग्राहकांची वीज एक तास गेली तर भर पडते 6 मिनिटांची. निर्देशांक सुधारू पाहणारा अभियंता मनुष्यबळ कोठे पाठवील हे सांगावयास नको. त्यात त्याचा दोष नाही. तो मोजमापाशी प्रामाणिक आहे. नॉर्वेप्रमाणे न पुरविलेल्या विजेची किंमत लावली तरी वाडीचा वापर इतका अल्प की ती किंमत नगण्यच येईल. येथे परदेशी प्रतिमानाची मर्यादा दिसते. सरासरीऐवजी प्रत्येक रोहित्रावरील सर्वांत दीर्घ खंडित काळ नोंदविला आणि त्याची एक मर्यादा ठरविली, तरच वाडी हिशेबात येते. रोहित्रांवर मीटर बसविण्याचे काम केंद्राच्या निरनिराळ्या योजनांतून, शेवटी 2021 मध्ये सुरू झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतूनही, हाती घेतले गेले आहे. त्या मीटरची नोंद हानी शोधण्यासाठी वापरली जाते. तीच नोंद अंधार मोजण्यासाठीही वापरता येईल.

हा प्रश्न लवकर सुटावा याला आणखी एक कारण आहे. 2022 मध्ये भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यासाठी एका खासगी कंपनीने समांतर वितरण परवान्याचा अर्ज आयोगाकडे केला. त्याला विरोध म्हणून जानेवारी 2023 मध्ये राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले. अर्जात आलेला पट्टा आणि त्याच्या लगतचा कर्जत-खालापूरचा मुलूख महावितरणच्या एकाच भांडुप परिमंडळात मोडतो. दाट वस्तीचा, कारखान्यांचा, कमी हानीचा भाग दुसऱ्या कंपनीने घ्यावयाचा आणि कडा, जंगल व वाड्या जुन्या कंपनीकडे राहावयाच्या, अशी वाटणी कधी झाली, तर उरलेल्या भागाचा प्रतियुनिट खर्च त्याच दिवशी वाढेल. नवी कंपनी कार्यक्षम दिसेल, जुनी अकार्यक्षम, आणि दोन्हींच्या व्यवस्थापनात त्या दिवशी काहीच बदललेले नसेल. अशा वेळी प्रदेशाचा निकष आधीच ठरलेला नसला, तर खोपोलीच्या वरच्या उतारावरील रोहित्र कोणाच्या पैशातून बसवावयाचे हा वाद आयोगापुढे येईल, आणि तेव्हा त्याला उत्तर द्यावयास दोन्ही कंपन्यांपाशी केवळ सरासऱ्या असतील.